निळ्या उजेडात गाल काळा दिसला, आता पुढे काय?

पत्र

मॅडम, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत दातांचं शिबिर झालं. डॉक्टरांनी सगळ्यांच्या तोंडात निळ्या उजेडाची मशीन धरून पाहिलं. बाबांच्या (वय 52) डाव्या गालात आतून काळा डाग दिसतो म्हणाले आणि मोठ्या दवाखान्यात दाखवा अशी चिठ्ठी दिली. बाबा खूप वर्षांपासून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) खातात. त्या जागी पांढरा चट्टा आहे, पोळ्याच्या आधीपासून. दुखत नाही. बाबा म्हणतात, "मले काई झालं नाई, मशीनले काय समजते? कापूस घरी येऊ दे, मंग पाहू." काका म्हणतात, तपासायला चट्ट्याचा तुकडा काढला की कॅन्सर फैलतो, जाऊच नका. आईचं (वय 46) तोंड मशीनमध्ये साफ निघालं. ती तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खाते. पण वर्षभरापासून तिखट लागलं की तिच्या तोंडाची आग होते आणि मोठा घास जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आहे की लेझरनं सुई न टोचता एका मिनिटात कॅन्सर कळतो. आधी ते करावं का? आणि आमच्या मंडळाकडे वर्गणीचे पैसे उरले आहेत. पोरं म्हणतात, ऑनलाइन निळी बॅटरी घेऊ आणि दर महिन्याला गावाचं तोंड तपासू. घ्यावी का?

— एक मुलगी, यवतमाळ जिल्हा

उत्तर

कापूस घरी येईपर्यंत थांबू नकोस. बाबांना याच आठवड्यात घेऊन जा. पुढचं सगळं एसटीत बसल्यावर वाचलंस तरी चालेल.

मशीनमध्ये काळं दिसलं, एवढ्यासाठी मी घाई करत नाही. मशीन आली नसती आणि तू फक्त "खर्रा खाणाऱ्या माणसाच्या गालात पोळ्याच्या आधीपासून पांढरा चट्टा आहे" इतकंच लिहिलं असतंस, तरी माझं उत्तर हेच असतं. तोंडातला चट्टा, जखम किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही की डॉक्टरला दाखवायची. बाबांचे दोन आठवडे कधीच होऊन गेले. आणि "दुखत नाही" यात समाधान मानू नका. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. म्हणूनच माणसं दात हलायला लागल्यावर, गळ्यात गाठ आल्यावर येतात, आणि तोवर उपचार फार मोठा झालेला असतो.

आता घाबरू नको म्हणून सांगते. पांढऱ्या चट्ट्यांपैकी बहुतेकांचा कधीच कॅन्सर होत नाही. लाल किंवा पांढरा-लाल मिसळलेला चट्टा जास्त काळजीचा. बाबांचा चट्टा पूर्ण पांढरा आहे की मधेमधे लाल आहे, खडबडीत आहे का, बोट लावलं तर कडक लागतो का, हे पाहणाऱ्या डॉक्टरला सांग.

तुला यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. तिथे कान-नाक-घसा विभागात किंवा दंत विभागात दाखव. वर्ध्याकडे जाणं सोयीचं असेल तर सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आहे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलही आहे. दंत महाविद्यालयात गेलीस तर ओरल मेडिसिन विभाग विचार, चट्ट्यांचं काम तेच पाहतात. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि शिबिराची चिठ्ठी सोबत असू दे. उपचाराची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कॅन्सरचे उपचार त्यात आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेट.

बाबा विचारतात, "मशीनले काय समजते?" त्यांचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर त्यांना नीट मिळायला हवं, नाहीतर ते चिठ्ठी खिशातच ठेवतील.

आपल्या तोंडाच्या आतल्या कातडीवर निळा उजेड टाकला, साधारण 400 ते 460 नॅनोमीटर तरंगलांबीचा (उजेडाचा रंग या मापानं सांगतात), की निरोगी कातडी स्वतः फिकट हिरवी चमकते. पेशींमध्ये एफएडी नावाचं एक द्रव्य असतं. पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या कामात ते लागतं. कातडीच्या खालच्या थरात कोलॅजनचे धागे असतात. ही दोन्ही निळा उजेड पितात आणि हिरवा परत देतात. डॉक्टर ज्या काचेतून पाहतात तिच्यात निळा उजेड अडवणारी गाळणी असते, म्हणून त्यांना फक्त हा हिरवा दिसतो. याला ऑटोफ्लोरेसन्स म्हणतात. पेशी बिघडायला लागल्या की त्यांचं ऊर्जेचं गणित बदलतं, वरचा थर जाड होतो, खालचे कोलॅजनचे धागे तुटू लागतात, नव्या रक्तवाहिन्या येतात आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन उजेड खाऊन टाकतं. मग ती जागा हिरवी चमकत नाही, काळपट दिसते. डोळ्यांना चट्ट्याची कड जिथे संपल्यासारखी वाटते, त्याच्या पलीकडेही कधी कधी हा काळपटपणा पसरलेला दिसतो. सर्जनला कुठपर्यंत काढायचं हे ठरवताना त्याची मदत होऊ शकते. या तंत्राचं मोल मी कमी करत नाही. सुई नाही, रक्त नाही, दुखणं नाही, आणि पेशीच्या आत चाललेला बदल बाहेरून दिसतो, ही मोठी गोष्ट आहे.

पण काळं दिसण्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. कपाशीची पानं लाल पडली की तुझे बाबा लगेच एकच औषध मारत नाहीत. मॅग्नेशियम कमी पडलं, तुडतुडे आले, पाण्याचा ताण पडला की रात्री थंडी वाढली, हे आधी पाहतात. लाल्या डोळ्यांना दिसतो, कारण शोधावं लागतं. तोंडातल्या काळ्या डागाचंही तसंच आहे. गाल दाताखाली चावला गेला असेल, टोकदार दात रोज घासत असेल, चुन्यानं भाजलं असेल, साधी सूज असेल, तरी रक्त वाढतं आणि निळ्या उजेडात जागा काळीच दिसते. आपल्याकडे गालात नैसर्गिक काळा रंग असलेले लोकही पुष्कळ, तेही काळेच दिसतात. म्हणून सरावलेले डॉक्टर त्या जागेवर काच किंवा आरशाची पाठ दाबून पाहतात. दाबल्यावर रक्त बाजूला सरकून हिरवं परत दिसलं, तर सूज असण्याची शक्यता जास्त. न दिसलं तर संशय वाढतो. तरीही तो संशयच. 2017 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननं दंतवैद्यांना सांगितलं की चट्टा आहे तिथे या उजेडाच्या उपकरणांवर निर्णय सोपवू नका, संशय असेल तर तुकडा तपासा.

त्यामुळे बाबांना असं सांग: मशीननं कॅन्सर म्हटलेलंच नाही. तिनं फक्त "इथं पाहा" म्हटलं आहे. तिथे काय आहे ते तुकड्यावरूनच कळेल.

आता काकांची भीती. ही भीती मी विदर्भात गावोगाव ऐकते, आणि तिनं किती माणसं नेली याचा मला फार त्रास होतो. "अमक्याला सुई लावली आणि दोन महिन्यांत तो गेला," असं लोक सांगतात. घडतं ते असं की माणूस आधीच उशिरा येतो, रोग पुढे गेलेला असतो, तुकडा काढल्यावर त्याचं नाव कळतं आणि पुढे मृत्यू होतो. पाहणाऱ्याला सुई आणि मृत्यू एकामागोमाग दिसतात, म्हणून दोष सुईवर येतो. गालातल्या चट्ट्याचा छोटा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. कॅन्सर असेल तर तपासणी टाळत बसल्यानं मात्र तो नक्की वाढतो. तुकडा काढताना दात काढताना देतात तसं जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, गरज पडली तर एक-दोन टाके घालतात. बाबा त्याच दिवशी घरी येतील. दोन-तीन दिवस तिखट टाळायचं. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तो कुठल्या दिवशी मिळेल हे निघतानाच विचारून घे, आणि त्या दिवशी जा. तुकडा देऊन रिपोर्ट न्यायला कोणी आलंच नाही, असंही घडतं.

रिपोर्टमध्ये "डिस्प्लेसिया" असा शब्द आला तर त्याचा अर्थ पेशी बिघडायला लागल्या आहेत पण कॅन्सर झालेला नाही. सौम्य, मध्यम, तीव्र असे त्याचे प्रकार असतात. त्यावरून चट्टा काढायचा की लक्ष ठेवायचं, ते ठरतं. रिपोर्ट चांगला आला तरी दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं आणि खर्रा बंद.

आता आईबद्दल. पत्रात तू तिच्यासाठी दोनच ओळी लिहिल्यास, पण मला तिची काळजी बाबांच्या बरोबरीनं वाटते. तिखटानं आग होणं आणि तोंड कमी उघडणं, सुपारी खाणाऱ्या माणसात ही सबम्युकस फायब्रोसिसची लक्षणं आहेत. सुपारीमुळे गालाच्या खाली कोलॅजन साचत जातं, गाल पांढुरके आणि कडक होतात, आतून दोऱ्या ओढल्यासारख्या लागतात. वर मी सांगितलं की हिरवी चमक बऱ्याच अंशी कोलॅजनमधूनच येते. ज्या रोगात कोलॅजन वाढतं, तिथे निळ्या उजेडात जागा काळी पडायच्या ऐवजी उजळही दिसू शकते. मशीन बिघडलेल्या पेशी शोधायला आणली होती, आईचा त्रास वेगळा आहे. "साफ निघालं" यावर विसंबून राहू नका. जाड पांढरे चट्टेसुद्धा कधी कधी या उजेडात चमकतात आणि संशयातून सुटतात.

घरीच एक करून पाहा. आईला तिचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी करून समोरच्या दातांच्या मधे घालायला सांग. तीन बोटं गेली तर बरं. दोनच गेली तर तोंड उघडणं कमी झालं आहे. तिलाही बाबांच्या सोबतच ने. आणि "नुसती सुपारी" हा शब्द घरातून काढून टाक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तंबाखू नसलेल्या सुपारीलाही 2004 मध्ये माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. फायब्रोसिस झालेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, पण सुपारी आज सुटली, तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू झाले आणि वेळेवर औषध मिळालं तर त्याचं पुढे वाढणं बरंच रोखता येतं. याच तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून तिलाही नियमित दाखवत राहावं लागेल.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लेझरबद्दल. ते सगळं खोटं नाही, आणि त्यामागचं विज्ञान आपल्या मातीतलं आहे. सी. व्ही. रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 ला दाखवलं की पदार्थावर एका रंगाचा उजेड टाकला की परत येणाऱ्या उजेडातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. साधारण कोटीभर किरणकणांत एखादा. रंग किती बदलला त्यावरून तिथे कोणते रेणू आहेत ते कळतं. 1930 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (1910 च्या सुमारास अर्थखात्यातले अधिकारी म्हणून ते काही महिने नागपूरला नोकरीत होते. विदर्भातल्या पोरांना हे ठाऊक असावं असं मला वाटतं.) आज नवी मुंबईत खारघरच्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात याच रामन परिणामावर तोंडाच्या कॅन्सरचं संशोधन झालं आहे. बारीक फायबर गालाला लावायचा, लेझर सोडायचा, परतलेला उजेड मोजायचा. निरोगी गालात चरबीच्या रेणूंच्या खुणा ठळक येतात, कॅन्सरच्या जागी प्रथिनांच्या आणि डीएनएच्या. डोळ्यांना चट्टा दिसत नाही अशा जागीही तंबाखू खाणाऱ्यांचा संकेत वेगळा येतो का, हेही त्यांनी तपासलं आहे. तिरुवनंतपुरममध्ये दुसरी वाट धरली गेली. हिमोग्लोबिन 545 आणि 575 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड जास्त शोषतं. गालावरून परत आलेल्या उजेडात या दोन जागांचं प्रमाण मोजून चट्टा साधा की बिघडलेला, याचा अंदाज घ्यायचा. कोरोनाच्या काळात आशाताई बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहायच्या, तोही हिमोग्लोबिनचा उजेड शोषण्याचा गुणच वापरतो.

मला या कामाबद्दल मनापासून आशा आहे. पुढे तुकडा नेमका कुठून घ्यायचा, कोणाला घाईनं पाठवायचं आणि कोणाला उगाच टोचायची गरज नाही, हे उजेडावरून ठरवता येईल. पण आज बाबांच्या गालाचा निकाल यावर लावता येत नाही. कोणी पैसे घेऊन "एका मिनिटात सगळे कॅन्सर" सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नकोस. एका उजेडात शरीरातले सगळे कॅन्सर सांगणारी तपासणी नाही. गर्भाशयमुखाची तपासणी वेगळी, स्तनाची वेगळी, तोंडाची वेगळी. एखाद्या महाविद्यालयात अशा संशोधनात भाग घेता का असं विचारलं, संमतीपत्र वाचून दाखवलं आणि तुकडा तपासणीही होणार असेल, तर बाबांनी जरूर भाग घ्यावा.

मंडळाच्या पोरांचा विचार वाचून मला फार आनंद झाला. वर्गणीच्या पैशातून गावाचं तोंड तपासायचं त्यांना सुचलं, ते जाऊ देऊ नका. बॅटरी मात्र घेऊ नका. ऑनलाइन मिळणारी निळी बॅटरी म्हणजे शिबिरातली मशीन नव्हे. तिच्यात उजेडाची तरंगलांबी नेमकी नसते, पाहायची गाळणी नसते, काही तर अतिनील उजेडाच्या असतात आणि डोळ्यांना अपाय करतात. शिवाय काळं आणि हिरवं यातला फरक वाचायला शिकावं लागतं. न शिकलेल्या हातात ती गेली तर अर्धं गाव घाबरेल आणि ज्याला खरंच आहे तो "आपलं साफ आहे" म्हणून घरी बसेल.

साध्या पांढऱ्या उजेडानं काय होतं ते सांगते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून एक मोठा अभ्यास झाला. मशीन नव्हती. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघर जायचे, उजेडात तोंड पाहायचे, संशय आला तर डॉक्टरकडे पाठवायचे. 2005 मध्ये निकाल छापून आला. तंबाखू खाणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले होते. तुमच्या गावातही आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचे फॉर्म भरतात आणि त्यात तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे. मंडळानं त्यांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटावं, एक दिवस ठरवावा, चांगली पांढरी बॅटरी, हातमोजे आणि लाकडी चपट्या पट्ट्या आणून द्याव्यात, आणि खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाला घरून उठवून आणावं. ते काम पोरंच करू शकतात. उरलेले पैसे चिठ्ठी मिळालेल्या माणसाच्या गाडीभाड्यासाठी बाजूला ठेवा. यवतमाळला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोघांचं तिकीट जातं, आणि बरेच लोक तिथेच अडतात.

बाबांचा खर्रा आजपासून बंद व्हायला हवा, रिपोर्ट काहीही येवो. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप लागणार नाही, हात खिशाकडे जाईल. रागावू नकोस. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर 1800-11-2356 ला फोन लावून दे, मोफत आहे, समुपदेशक पुन्हा पुन्हा फोन करून साथ देतात. बाबा पानठेल्यावरून परततात त्या वेळेला घरातला कोणीतरी त्यांच्यासोबत असू दे.

आणि यवतमाळला निघताना काकांनाही सोबत ने. ज्यांनी "जाऊ नका" म्हटलं त्यांनी डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तर गावात पुढे तेच दहा जणांना सांगतील. तेही खर्रा खात असतील तर बाबांच्या चिठ्ठीसोबत त्यांचीही एक काढून घे.